पुढचं चाक कॅलिफोर्नियात

“उद्या संध्याकाळी तुमचं नटणंमुरडणं आटपायच्या आत मी हॉलच्या दारात उभा असेन, बूट घेऊन,” असं बेतो ओलागेनं शनिवारी दुपारी भर स्वयंपाकघरात जाहीर केलं आणि त्याच्या सासूच्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या फोंटानात बेतोला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. आठवडाभर तो गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो आणि शनिवारी सकाळी कॉलेजच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून नवशिक्यांना मोटरसायकल शिकवतो. शिकवण्यात मोटरसायकल चिमूटभर आणि कायदा पोतंभर. हायवेवर गाड्या तुंबल्या की दोन रांगांच्या मधल्या फटीतून मोटरसायकल पुढे काढायची, ही गोष्ट कॅलिफोर्नियात कायदेशीर आहे. तुम्ही म्हणाल, ह्यात कायदा कसला, आमच्याकडे म्हशीसुद्धा तशाच जातात. खरं आहे. पण तेच शेजारच्या नेवाडात केलं तर गुन्हा ठरतो, आणि शेजाऱ्याला जे करता येत नाही ते आपल्याला करता येतं, यापरतं सुख नाही. आमच्याकडच्या मोटरसायकलवाल्यांना ह्या कायद्याचा जेवढा अभिमान आहे तेवढा लग्नाच्या बायकोचा नसेल. बेतोनं तर तो तोंडपाठ केला होता आणि दिसेल त्याला तो म्हणून दाखवायचा. बारशाला, शेजाऱ्याच्या अंगणातल्या मटणाच्या जेवणाला, एकदा तर चुलत्याच्या मयतीलासुद्धा.

“गाडीच्या मागे थांबणं हाच खरा धोका,” तो सांगायचा. “मागून कुणीतरी फोन बघत येणार, आणि आपण दोन बंपरांच्या मध्ये टॉर्टियातल्या बीन्ससारखे चेपणार. फटीत शिरलं की सुटलो. फक्त बेतानं जायचं, घाई करायची नाही, आणि कुणी बाजूला सरकून वाट दिली की दोन बोटं खाली करून आभार मानायचे.”

“दोन ट्रकांच्या फटीत शिरताना माशीसुद्धा विचार करते,” सासूबाई म्हणायच्या. त्यांचं नाव दोन्या चायो. जावयाचं बोलणं त्यांनी कधी मध्येच तोडलं नाही. त्या ते संपू देत आणि मग त्याच्यावर एकच वाक्य ठेवत, लोणच्याच्या बरणीवर दगड ठेवावा तसं.

तर बुटांचं प्रकरण असं. बेतोची एकुलती एक पोर इत्सेल पंधरा वर्षांची झाली होती. आमच्यात पोरगी पंधराची झाली की लग्नाच्या तोंडात मारेल असा सोहळा करतात. घेरदार झगा, मुकुट, मजल्यामजल्यांचा केक, वाजंत्री, सगळं. आणि त्या सगळ्याचा प्राण म्हणजे एकच क्षण: भरल्या हॉलमध्ये बाप गुडघे टेकून पोरीच्या पायातल्या सपाट चपला काढतो, तिच्या आयुष्यातले पहिले उंच टाचांचे बूट तिला घालतो आणि तिचा हात धरून पहिला नाच नाचतो. पोरगी मोठी झाली हे गावाला सांगायचं काम बापाचं. ते दुसऱ्यानं करायचं नसतं.

चर्चमधली प्रार्थना शनिवारी सकाळी पार पडली होती. हॉल मिळाला होता रविवार संध्याकाळचा. बूट देण्याचा मान इत्सेलच्या धर्मबापाचा, म्हणजे गोयोचा. गोयो नेवाडातल्या लास वेगासच्या एका हॉटेलात आचारी आहे. तो रविवारी आपल्या गाडीनं बूट घेऊन येणार होता, पण शनिवारी दुपारी त्याचा फोन आला की गाडीचा गिअरबॉक्स बसला आणि मेकॅनिक तर मंगळवारशिवाय बघणार नाही.

“मी जातो आणि दोघांना घेऊन येतो,” बेतो म्हणाला. “कोंपाद्रेला आणि बुटांना.”

“माझी गाडी ने,” त्याची बायको मारिक्रूस म्हणाली.

“गाडी? अगं, रविवारी दुपारी अर्धं कॅलिफोर्निया वेगासला पैसे हरून परत येतं. सीमेवर गाड्यांची ही रांग लागते. गाडीत बसलो तर पोरीच्या सोळाव्या वाढदिवसाला पोचेन. मोटरसायकल असली की सीमा ओलांडली रे ओलांडली, की मधून सुळकन. कायदा आहे आपल्याकडे.”

“इथल्या दुकानात बूट मिळत नाहीत का?” दोन्या चायो म्हणाल्या.

“धर्मबापाचे बूट ते धर्मबापाचे, सासूबाई.”

इत्सेल डोक्याला कर्लर लावून दारात उभी होती. “पपा, बूट कुठलेही चालतील मला,” ती म्हणाली. “तू मात्र पाहिजेस.”

“मी?” बेतो हसला. “मी तर सगळ्यांच्या आधी हजर.”

रात्र त्यानं गोयोकडे काढली. रविवारी गोयोची स्वयंपाकघरातली पाळी दुपारी संपली आणि दोघं निघाले. आता गोयोबद्दल थोडं सांगायला हवं. बेतो आणि तो एका आळीत वाढले, एकमेकांना शिव्या घालत. पण इत्सेलचा बाप्तिस्मा झाला, गोयो धर्मबाप झाला, दोघं एकमेकांचे कोंपाद्रे झाले आणि त्या दिवसापासून अरेतुरे बंद. आमच्यात रीतच आहे. कोंपाद्रेला अहोजाहोच करायचं, मग लहानपणी त्याची चड्डी तुम्ही झाडावर टांगलेली असली तरी.

गोयो अंगानं भरभक्कम आणि डोकं त्याहून भरभक्कम. बेतोनं त्याच्यासाठी मारिक्रूसचं हेल्मेट आणलं होतं. ते गोयोच्या डोक्यावर बसलं, पण हनुवटीखालचा पट्टा काही केल्या लागेना.

“हे बरोबर आहे का, कोंपाद्रे?” गोयोनं विचारलं.

“जरा मान आत घेऊन बसा,” मोटरसायकलचे गुरुजी म्हणाले.

बुटांचा खोका गोयोच्या पोटात आणि बेतोच्या पाठीत पक्का बसला. वाळवंटातला सरळ रस्ता, मागे वारा. गोयोचा पट्टा कानाशी फडफडत होता. डोंगर उतरून सपाटीला लागले तो समोर गाड्याच गाड्या. सीमेवरचे जुगाराचे वाडे लांबवर दिसत होते आणि तिथपर्यंत सगळं पत्र्याचं शेत पसरलेलं.

बेतो एका पिकअप ट्रकच्या मागे शिस्तीत उभा राहिला. पिकअप मुंगीच्या पावलानं सरकत होता. इतक्यात बाजूच्या फटीतून एक मोटरसायकल गेली. मग दुसरी.

“ते गेले,” गोयो म्हणाला.

“गुन्हेगार आहेत ते. हा नेवाडा आहे. इथे मधून जायला बंदी.”

“पण सगळेच जातायत की, कोंपाद्रे.”

“म्हणून तर कायदा माहीत असलेली माणसं लागतात,” बेतो म्हणाला आणि तिसऱ्या मोटरसायकलवाल्याच्या पाठीवर ओरडून त्याला कायद्याचा पहिला परिच्छेद ऐकवला. त्याला तो ऐकू गेला नसावा.

पिकअपमध्ये एल मोंतेचं एक कुटुंब होतं. नवरा चालवत होता आणि शेजारी बायको, ओफेलिया. मागच्या सीटवर तिची म्हातारी आई झोपलेली. ओफेलियानं खिडकीतून मागे बघितलं, उन्हात भाजणारी ही जोडी बघून तिला दया आली असावी. तिनं नवऱ्याला पिकअप थांबवायला लावून दोन बुरिटो बाहेर दिले. बेतोनं एका हातानं बुरिटो घेतला आणि दुसऱ्या हातानं तो तिच्या नवऱ्याला समजावायला लागला, की सीमा ओलांडल्यावर तुम्ही डावीकडे कसं सरकायचं, म्हणजे आमच्यासारख्यांना फट कशी मिळते.

“तुम्हाला घाई आहे का?” ओफेलियानं विचारलं.

“संध्याकाळी ह्यांच्या पोरीचा पंधरावा आहे,” गोयो तोंडात बुरिटो ठेवूनच म्हणाला. “बूट आमच्याकडे आहेत.”

“अगंबाई. मग जा ना मधून. कोण बघतंय?”

“सेन्योरा,” बेतो गंभीरपणे म्हणाला, “मी शिक्षक आहे.”

असं उन्हात शिजत शिजत ते सीमेशी आले. सीमा म्हणजे काही भिंत नाही. नेवाडाचं काळं डांबर जिथे संपतं आणि कॅलिफोर्नियाचा करडा रस्ता जिथे सुरू होतो, तिथे एक सांधा आहे. रस्त्याचा रंगच बदलतो. बेतोची नजर त्या सांध्यावर होती. पिकअप पुढे सरकला, बेतो मागोमाग सरकला, मोटरसायकलचं पुढचं चाक सांध्यावरून पलीकडे गेलं आणि त्याच क्षणी त्यानं हँडल वळवून फटीत शिरकाव केला.

“आता बघा, कोंपाद्रे,” तो म्हणाला.

कोंपाद्रेनं बघितलं. कडेला एक पोलीसगाडी उभी होती आणि तिच्या टपावरचे दिवे लागले होते.

नेवाडाची पोलीस बाई उंच, उन्हानं रापलेली, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं ओस्टलर. तिनं दोघांना कडेच्या पट्टीवर घेतलं.

“कुठे निघालात?”

“फोंटानाला, बाई,” गोयोनं घाईघाईनं सांगितलं. “ह्यांच्या मुलीचा पंधरावा. हे बाप, मी धर्मबाप. हे बूट.” त्यानं खोक्याचं झाकण उघडून दाखवलं. पांढरे, चमकीचे, टाचा वीतभर.

ओस्टलरबाईंनी बूट बघितले आणि त्यांचा चेहरा सैलावला. “माझ्याकडेही आहे एक ह्या वयाची,” त्या म्हणाल्या. “हे बघा, तो रंग बदलतो तिथून तुमचं राज्य. त्याच्या अलीकडे मधून जायचं नाही. सगळे इथेच उतावळे होतात. ह्या वेळी नुसती तोंडी समज देते. पुढच्या वेळी दोन पावलं दम धरा. जा आता, मुलगी वाट बघत असेल.”

मंडळी, ही गोष्ट खरं तर इथेच संपायला हवी होती.

“देव तुमचं भलं करो,” गोयो म्हणाला आणि परत सीटवर चढला.

बेतो हलला नाही. “समज कशाबद्दल?” त्यानं विचारलं.

“अं?”

“समज गुन्ह्याबद्दल देतात. मी गुन्हा केलेला नाही. मी फटीत शिरलो तेव्हा माझं पुढचं चाक कॅलिफोर्नियात होतं.”

“आणि मागचं?”

“मागचं पुढच्याच्या मागून येतं, बाई. मोटरसायकलचा तो स्वभावच आहे.”

ओस्टलरबाईंनी एक बी थुंकली. “मी समज दिली, तुम्ही ऐकली, झालं. निघा.”

“मी ती घेतलेली नाही. तुम्ही परत घ्या.”

“समज परत कशी घेतात?”

“ते तुम्ही बघा. वीस वर्षं मोटरसायकल चालवतोय, एक समज नाही. पुढच्या शनिवारी पोरांना काय तोंड दाखवू?”

“कोंपाद्रे,” गोयोनं पाठीत बोट खुपसलं. “हो म्हणा आणि चला.”

“हा तत्त्वाचा प्रश्न आहे, कोंपाद्रे.”

“तत्त्व घरी गेल्यावर मांडा ना. हॉलचं भाडं भरलंय.”

पण बेतोला आता कंठ फुटला होता. त्यानं मोटरसायकल कडेच्या पट्टीवर, बरोबर सांध्यावर, जशी होती तशी उभी केली. पुढचं चाक करड्यावर, मागचं काळ्यावर. गोयोला पुरावा म्हणून मागच्या सीटवरच बसवलं, खोक्यासकट. किल्ली चालूच ठेवली, हेडलाइट लागलेलाच ठेवला. पुराव्याला हात लावायचा नसतो, असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. मग तो गुडघ्यावर बसला आणि चाकापासून सांध्यापर्यंत वीत टाकून मापं घ्यायला लागला. शेजारून सरकणाऱ्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघत होती.

ओस्टलरबाई हाताची घडी घालून हे सगळं बघत होत्या. त्यांना आता मजा वाटायला लागली असावी. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचं चाक तुमच्या राज्यात. तुम्ही पुढे बसला होतात आणि राहता कॅलिफोर्नियात. मान्य. पण मागे बसलेले हे गृहस्थ कुठे होते?”

बेतोनं प्रामाणिकपणे सीटकडे बघितलं, सांध्याकडे बघितलं. “हे नेवाडात.”

“आणि राहायला?”

“राहायलाही नेवाडातच.”

“म्हणजे नेवाडाचा माणूस नेवाडात दोन रांगांच्या मधून चालला होता.”

हे तर्कशास्त्र इतकं सुबक होतं, की बेतोला मोह आवरला नाही. “तसं बघितलं तर हो,” तो म्हणाला. “पण मग त्यांची समज त्यांना द्या. त्यात माझा काय संबंध?”

गोयोनं बुटांच्या खोक्याचं झाकण बंद केलं.

इतक्यात कॅलिफोर्नियाच्या बाजूनं एक पोलीस मोटरसायकलवरून आला आणि ही जत्रा बघून थांबला. त्याचं नाव फाम. आपल्या राज्याचा, त्यातून मोटरसायकलवाला! बेतोला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यानं फामला हाताला धरून सांध्यापाशी नेलं आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. कायद्यासकट.

फामनं शांतपणे ऐकून घेतलं. “आमच्या बाजूला मधून जायला बंदी नाही,” तो म्हणाला.

“ऐकलंत?” बेतो ओस्टलरबाईंना म्हणाला.

“जपून गेलं पाहिजे, एवढंच,” फाम पुढे म्हणाला आणि त्याची नजर मागच्या सीटवर गेली. “ह्यांच्या हेल्मेटचा पट्टा का लोंबतोय?”

बेतोची सवय वाईट. “साहेब, ते नेवाडात आहेत.”

“आमच्याकडेही पट्टा लागतोच,” ओस्टलरबाई म्हणाल्या.

“चला, एका बाबतीत दोन्ही राज्यांचं एकमत झालं,” फाम म्हणाला. “हे हेल्मेट ह्यांना दिलं कुणी?”

आता सगळे बेतोकडे बघत होते. मोटरसायकलचे गुरुजी, शंकूवाले, फोंटानाचे. बेतो म्हणाला, “हेल्मेट दिलं मी. पण मान आत घेऊन बसा, असं मी ह्यांना सांगितलं होतं.”

तेव्हा गोयो सीटवरून उतरला. हेल्मेट डोक्यावरून ओढून काढलं, त्याच्याबरोबर कानही निघतील असं वाटलं. आणि पंधरा वर्षांची अहोजाहो त्या सांध्यावर गळून पडली.

“अरे गाढवा,” तो म्हणाला. “तुझ्या पोरीसाठी मी पाळी बदलून आलो. तुझ्या बायकोच्या टोपल्यात डोकं कोंबून वाळवंट पार केलं. त्या बाईनं हात जोडल्यासारखं सांगितलं जा म्हणून, आणि तू मला गुन्हेगार ठरवतोस? मला?”

“तत्त्वाचा...”

“तुझं तत्त्व पुढच्या चाकाला बांध.”

मेलेल्या गोगलगायीच्या गतीनं सरकणारा ओफेलियाचा पिकअप अजून हाकेच्या अंतरावरच होता. तिनं खिडकीतून हात हलवला. “या हो, भाऊ. आईला सरकवते. आम्ही फोंटानावरूनच जाणार.”

गोयोनं खोका काखेत मारला. “मी बूट घेऊन निघालो,” तो म्हणाला. “बापाचं बाप बघेल. चलतोस?”

आत्ताही वेळ गेली नव्हती. बेतोनं पिकअपकडे बघितलं, मोटरसायकलकडे बघितलं, आणि ओस्टलरबाईंकडे बघितलं. त्याला वाटलं, बाई आता वाकण्याच्या बेतात आहेत. आत्ता गेलो तर समज कायमची चिकटली.

“तू हो पुढे,” तो म्हणाला. “मी मधून येतो. तुझ्या आधी पोचेन.”

गोयो गेला. बेतोनं मग वाद नव्यानं मांडला. समजा एखादा माणूस उंबऱ्यावर उभा आहे, तर तो घरात की बाहेर? समजा गाय कुंपणातून मान घालून शेजाऱ्याचं गवत खाते, तर दूध कुणाचं? फामनं ओस्टलरबाईंकडून थोड्या बिया घेतल्या. मारिक्रूसचा फोन आला तेव्हा बेतो म्हणाला, “सीमेवर आहे. जिंकतच आलोय,” आणि पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

शेवटी ओस्टलरबाईंची पाळी संपत आली. “घेतली,” त्या म्हणाल्या. “समज परत घेतली. तुमचं पुढचं चाक कॅलिफोर्नियात होतं. तुम्ही निर्दोष, तुमचं चाक निर्दोष. आता तरी जाल?”

बेतोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं त्यांच्याशी हात मिळवला, फामशी मिळवला, रुबाबात सीटवर बसला आणि स्टार्टर दाबला.

टक्.

पुन्हा दाबला. तेवढंही नाही. दुपारभर पुरावा म्हणून जळणाऱ्या हेडलाइटनं बॅटरी पार चाटूनपुसून खाल्ली होती.

ओस्टलरबाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी आपल्या गाडीच्या डिकीतून तारा काढल्या आणि आपल्या बॅटरीला जोडल्या. “नेवाडाची वीज आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या कायद्याला चालेल ना?”

बेतोनं स्टार्टर दाबला. मोटरसायकल सुरू झाली. त्यानं मान वर करून समोर बघितलं, तर रस्ता मोकळा. गाड्या केव्हाच पांगल्या होत्या. मधून जायला रांगाच उरल्या नव्हत्या. सगळं कॅलिफोर्निया घरी गेलं होतं आणि बेतो ओलागे आपल्या हक्काच्या राज्यात एका लेनमधून, इतर चार माणसांसारखा, एकटाच निघाला.

वाटेत मात्र त्याला घाई झाली. उशीर झाल्याची धास्ती होती, पण समज परत घेतल्याचा आनंदही होता, आणि हे दोन्ही एका माणसात मावत नव्हतं. हे सगळं कसं सांगायचं याची तो मनात जुळवाजुळव करत राहिला. गायीचं उदाहरण आधी घ्यावं, असं त्यानं ठरवलं.

हॉलवर पोचला तेव्हा जेवणं उरकली होती आणि वाजंत्रीवाले पेट्यांत वाद्यं भरत होते. मारिक्रूस मागच्या टेबलांवरचे डबे झाकत होती. तिनं एकदा बघितलं आणि पुन्हा झाकणं लावायला लागली. दाराशी गोयो उभा होता.

“या, कोंपाद्रे,” गोयो म्हणाला. “बसा. तुम्ही दमला असाल.”

अहोजाहो परत आली होती, आणि बेतोला ती दुपारच्या गाढवापेक्षा जास्त लागली.

“झालं का?” त्यानं विचारलं.

“झालं. थांबलो होतो बराच वेळ. मग वाजंत्रीवाल्यांची वेळ संपत आली. मारिक्रूसबाईंनी पोरीला बूट घातले. नाचायला दोन्या चायो उभ्या राहिल्या. गुडघ्यांची पर्वा केली नाही म्हातारीनं. लोक रडले.”

इत्सेल समोरून आली. झग्याचा घेर, डोक्यावर मुकुट, आणि पायात ते बूट. दुपारपर्यंत पोरगी होती. आता ती उंच टाचांवर न अडखळता चालत होती आणि ते चालणं त्याला कुणी दाखवलं नव्हतं, ते त्याच्या पाठीमागेच घडून गेलं होतं.

“बेटा, ऐक,” बेतो घाईनं म्हणाला. “मी जिंकलो. पोलिसबाईंनी कबूल केलं. पुढचं चाक कॅलिफोर्नियातच होतं.”

“गोयोकाकांनी सांगितलं मला,” इत्सेल म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “दंड किती होता, पपा?”

“दंड? छे, दंड नव्हता. नुसती समज.”

“कागदावर?”

“तोंडी.”

“आणि ती घेतली असतीस तर?”

“तर काय? निघालो असतो. जा म्हणाल्याच होत्या त्या.”

“कधी म्हणाल्या?”

बेतोनं आठवून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. “दुपारीच,” तो म्हणाला.

“बरं,” इत्सेल म्हणाली, झगा दोन्ही हातांनी उचलला आणि मैत्रिणींकडे निघून गेली. टाचांचा आवाज पार दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

बेतो एका खुर्चीवर बसला. बाकीच्या खुर्च्या एकमेकींवर रचून झाल्या होत्या. त्याला खूप वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की त्याला कुणाला तरी काहीतरी समजावून सांगावंसं वाटतं. गायीचं उदाहरण अजून शिल्लक होतं. शेजारी सासूबाई येऊन उभ्या राहिल्याचं बघून त्यानं तोंड उघडलं.

दोन्या चायोंनी त्याच्यापुढे मक्याच्या पिठाच्या थंडगार तमालांची बशी ठेवली.

“तोंड उघडलंच आहेस,” त्या म्हणाल्या, “तर आता खा.”